मागच्या भूखंडातला मुळ्याचा वाफा

रविवार, २ फेब्रुवारी

आज पहाटे पुन्हा तो आवाज आला. कानात नव्हे, आठवणीत. दगडी रस्त्यावरून लाकडी चाकं गडगडत यायची आणि मागोमाग भिजलेली पोती जमिनीवर आपटायची. थप, थप. जड, ओला आवाज. शहराच्या कडेच्या मळ्यांतून भाजीच्या गाड्या येत. आई अंथरुणातूनच म्हणायची, "उठा, कोबी आला." आमच्या घरात घड्याळ नव्हतं, कोबी होता.

हे चहाच्या वेळी सांगायला लागलो, तर सूनबाई म्हणाली, "बाबा, मग पोती आपटली. पुढचं मला पाठ आहे." आणि ही कोरी वही पुढ्यात ठेवली. "इथे लिहा. कागद कंटाळत नाही."

"म्हणजे तू कंटाळतेस."

"मी चहा गाळतेय," ती म्हणाली. बोलण्यात ही मुलगी कुणाला हार जायची नाही.

तर लिहितो. उभी हयात बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. आमच्या थांब्याच्या नावात अजून मळा आहे. ते नाव मी किती वेळा उच्चारलं असेल, देव जाणे. मळा मात्र कधीच इमारतींखाली गेला. तोंडात मळा आणि डोळ्यांपुढे सिमेंट, अशी माझी नोकरी गेली.

काल आमच्या तिन्ही इमारतींची सभा झाली. मागे मोकळा भूखंड आहे, फुटक्या फरश्यांचा. त्यावर वाहनतळ व्हायचं ठरलेलं होतं. पण नियोजन कार्यालयातून एक तरुण बाई आल्या. काखेत नकाशाची सुरळी, पायात धुळीचे बूट. मी मनातल्या मनात त्यांचं आराखडेबाई असं बारसं केलं. त्या म्हणाल्या, "आपण नकाशात घरं काढतो, रस्ते काढतो, गटारं काढतो. जेवण कुठून येणार ते कुणी काढतच नाही. नव्या आराखड्यात प्रत्येक वस्तीत थोडी जमीन भाजीपाल्याला ठेवायचा विचार आहे. तुम्ही दोन महिने लावून बघा."

मार्चच्या शेवटच्या रविवारी मतदान. घरटी एक मत. ज्याच्या नावावर घर, त्याने स्वतः येऊन द्यायचं. दोन तृतीयांश घरं बाजूने आली तर भूखंड कायमचा भाजीचा, नाहीतर वाहनतळ.

आमचे चिरंजीव समितीचे खजिनदार. नवी गाडी नोंदवून बसलेत. उभे राहून म्हणाले, "म्हणजे कोथिंबिरीला सावलीत जागा आणि माझी गाडी उन्हात?" सगळे हसले. अध्यक्षसाहेब तर पोट धरून हसले. घर चिरंजीवांच्या नावावर आहे. तेव्हा मी ज्या घरात झोपतो, त्या घराचं मत वाहनतळाला.

तरीही एका वाफ्यासाठी मी नाव दिलं. हात वर करताना शाळेतल्यासारखं वाटलं. पाठांतर झालं नसताना वर केलेला हात.

बुधवार, ५ फेब्रुवारी

फरश्या उचलल्या. खालची माती पाहून वाईट वाटलं, बरेच दिवस न जेवलेल्या माणसासारखी दिसत होती. आराखडेबाईंनी खत आणवलं. कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानात जो पाला, देठ, सडका माल रोज फेकला जातो, त्याचंच कुजवलेलं. इमारतीच्या गच्चीवरचं पाणी धरायला दोन टाक्याही बसल्या. "शहरातून जे बाहेर फेकतो ना आजोबा, त्यातलं निम्मं परत पोटात आणता येतं," त्या म्हणाल्या. वाक्य ऐकायला बरं नव्हतं, पण खत छान होतं.

कोपऱ्यावरची मावशी, जिच्या दुकानातला तो पाला, ती कमरेवर हात ठेवून बघत होती. "माझाच कचरा घ्या आणि माझ्याच पोटावर पाय द्या."

"मावशी, मी एक वाफा मुळा लावतोय. तुझ्या पोटावर पाय द्यायला तेवढा पुरेल का?"

"तुमचा मुळा बघून लोक माझ्याकडेच येतील," ती म्हणाली आणि निघून गेली.

बी मुठीने पेरलं. शेजारच्या वाफ्यावरची मंडळी दोन बोटांनी पेरत होती, बघवेना.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

उगवलं. इतकं की माती दिसत नाही. दोन-दोन पानांची ही गर्दी पाहून मला चौथीचा वर्ग आठवला. एका बाकावर पाच जण, मांडीला मांडी. गुरुजी हातातल्या पट्टीने टेबलावर ठेका धरायचे आणि आम्ही सगळे एका सुरात कविता म्हणायचो. खिडकीबाहेर पाखरं थांबायची, असं मला अजून वाटतं. संध्याकाळी वाफ्यापाशी कुणी नव्हतं तेव्हा त्याच ठेक्यावर एक रचून म्हटली:

मुळ्या रे मुळ्या, गोरा तुझा पाय,
मातीत लपवून करतोस काय?

चांगली जमली आहे. घरी म्हणून दाखवलेली नाही. चिरंजीव कवितेला हसतात.

आराखडेबाई सांगून गेल्या, "विरळणी करा. चार बोटांवर एक रोप ठेवायचं, बाकीची उपटायची. नाहीतर मुळा पोसणार नाही." उपटायची? कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं, हे ठरवणारा मी कोण? आम्ही पाच जण एका बाकावर पोसलोच की.

जेवताना हे बोललो. चिरंजीव ताटातून मान वर न काढता म्हणाले, "दोरे निघतील दोरे. कपडे वाळत घाला त्यावर."

"तू लहानपणी मुळा तोंडात धरायचा नाहीस. तुला काय कळतंय?"

"बाबा, वाद नको. त्या गुडघ्यावर तुम्ही वाकून उपटणार तरी कसे? बसलात की उठवायला दोघे लागतात."

हे मात्र खरं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

विलक्षण गोष्ट घडली आहे. पाखरांनी माझ्या वाफ्याची विरळणी केली.

सकाळी गेलो, तर दाट हिरवा गालिचा गायब. रोपं ओळीत उभी, प्रत्येकात चार बोटांचं अंतर. मी बोटं ठेवून पाहिली. चिमण्या इतक्या शिस्तीच्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. बाजूच्या वाफ्यांना त्यांनी चोचही लावलेली नाही. कवितेचा काही परिणाम असेल का? असं लिहायला संकोच वाटतो, पण वही माझीच आहे.

दुपारी जेवणात वाटीभर कोवळी पानं चिरलेली होती. किंचित तिखट, फार ताजी.

"कुठून आणलीस?"

"आली कुठूनतरी," सूनबाई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. बराच वेळ आली नाही. आतून खोकल्यासारखा आवाज येत होता. विचारलं तर म्हणाली, ठसका लागला.

रविवार, २३ फेब्रुवारी

चिरंजीव पहाटे फिरायला जाऊ लागलेत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणतात. चांगलं आहे. फक्त बूट फार मळवून आणतात. मी म्हटलं, "बागेतल्या पक्क्या वाटेवरून चालावं माणसानं." म्हणाले, "उद्यापासून."

सोमवार, ३ मार्च

नदीवरच्या मोठ्या पुलाला तडे गेले. परवापासून जड वाहनं बंद. भाजीचे ट्रक लांबच्या वळशाने येतात म्हणे, आणि येईपर्यंत निम्मा माल शिजलेला असतो. कोपऱ्यावर मावशी रिकाम्या टोपल्यांमागे बसली होती. पुढ्यात थोडे बटाटे, तेही कोंब आलेले.

"बघताय काय आजोबा? बटाट्यालासुद्धा तुमच्यासारखी दाढी आलीय."

आराखडेबाई पहिल्याच सभेत बोलल्या होत्या, एवढ्या मोठ्या शहराचं जेवण एका पुलावरून येतं म्हणून. तेव्हा अध्यक्षसाहेबांना जांभई आली होती.

भूखंडावर वाफे असलेल्या आम्हा सगळ्यांची आज उभ्या उभ्या बैठक झाली. घरापुरतं ठेवायचं, उरलेलं मावशीच्या दुकानात. वाटाघाटी लांबल्या, कारण मावशी म्हणाली, "मी कुणाचं उपकाराचं विकत नाही. पाला माझा, म्हणजे भाजीत माझा वाटा आहेच. तो धरून बोला." तिचं म्हणणं बरोबर होतं. तसंच ठरलं.

गुरुवार, ६ मार्च

पालकाची पहिली कापणी. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमचा गळा पडून राहिलाय, वापरा जरा." मग गॅलरीत उभा राहिलो आणि स्थानकावरच्या आवाजात पुकारलं:

"कृपया लक्ष द्या. मागच्या भूखंडावरून निघालेला पालक कोपऱ्यावरच्या दुकानात पोहोचला आहे. प्रवाशांनी आपापल्या पिशव्या सांभाळाव्यात."

तिन्ही इमारतींच्या खिडक्या उघडल्या. किती वर्षांनी माझ्या आवाजावर माणसं धावली. रांगेत अध्यक्षसाहेबही होते, तोंडापुढे वर्तमानपत्र धरून. मावशीने ते वर्तमानपत्र बोटाने खाली केलं. "साहेब, वाहनतळातला पालक किती देऊ?"

साहेबांनी दोन जुड्या घेतल्या.

रविवार, ९ मार्च

मुळा काढला. पांढरा, सरळ, माझ्या हाताएवढा. मावशीने कानाशी नेऊन ठोकून पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही लावलाय असं वाटत नाही हो." हा कौतुकाचा प्रकार आहे असं धरून चालतो. मी तिला गुपित सांगितलं की मी रोज संध्याकाळी कविता म्हणतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणा, म्हणा. त्यानं कुणाचं बिघडतंय?"

जेवताना चिरंजीवांनी मुळ्याच्या चकत्या खाल्ल्या. आणि पुन्हा वाढून घेतल्या. हाच मुलगा लहानपणी मुळा पाहिला की टेबलाखाली जायचा. त्याची आई ताट घेऊन टेबलाखाली बसायची, तोही फोटो माझ्या डोळ्यांत आहे. ती आज असती तर वाफ्याच्या कडेला झेंडू लावू द्या म्हणून भांडली असती. उद्या कडेला कळ्या धरलेली झेंडूची रोपं लावतो.

एक मौज लिहायची राहिली. सकाळी चिरंजीव न्हाणीघरात गुणगुणत होते, आणि कानावर आलं ते "गोरा तुझा पाय". मी चकित झालो. ही कविता मी फक्त वाफ्यापाशी म्हणतो. पहाटे उजाडायच्या आत मात्र एक-दोनदा म्हटली होती, झोप लागत नाही तेव्हा. चांगली ओळ वाऱ्यावर जाते, दुसरं काय.

रविवार, १६ मार्च

पूल सुरू झाला. ट्रक आले, टोपल्या भरल्या, आणि आमच्या दारची गर्दी ओसरली. माणूस पोट भरलं की फार लवकर विसरतो. काल तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "तुमची मजा झाली आजोबा, पण आता गाड्यांचं बघायला हवं."

नवी गाडीही आली. जागा नाही म्हणून तीन गल्ल्या पलीकडे उभी करावी लागते. मला वाटलं चिरंजीव संतापतील. ते म्हणाले, "चालणं होतं तेवढंच." मनातून चिडलेले असणार. पहाटे मी गॅलरीत आलो, तर ते भूखंडावर पावलांनी लांबी-रुंदी मोजत होते. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. किती गाड्या मावतील याचा हिशेब चालला होता, हे सांगायला ज्योतिषी नको. खाली न जाता आत येऊन पडलो.

मंगळवार, १८ मार्च

चिरंजीव आराखडेबाईंशी फाटकापाशी बोलत होते. मी येताना पाहून दोघं गप्प झाली. नंतर बाईंनाच विचारलं. म्हणाल्या, "ते विचारत होते, आणखी किती वाफे बसतील आणि मागे गाड्यांची एक रांग ठेवून दोन्ही जमतंय का." मी समजायचं ते समजलो. आधी एक रांग, मग दुसरी, मग वाफे नावाला. बाई काहीतरी पुढे सांगणार होत्या, पण मला ऐकवेना.

वाफ्याच्या कोपऱ्यात लावलेला काकडीचा वेल मात्र वर चढतोय. त्याला काठ्यांचा आधार कुणी दिला कळलं नाही. शेजारच्या वाफ्यावरचे असतील. आभार मानले तर ते म्हणाले, "मी नाही." विनयशील माणूस आहे.

शुक्रवार, २८ मार्च

चिरंजीव बुधवारी कार्यालयाच्या कामासाठी दुसऱ्या शहरात गेले, आठ दिवसांकरिता. जाताना दारात घुटमळले. "बाबा, काकडीला पाणी सकाळी घाला. दुपारी घालू नका."

"तुला रे कशाला काकडीची पंचाईत?"

"सहज," म्हणाले आणि निघाले.

खरं लिहू? मला हलकं वाटलं. बापलेकांनी एकाच दिवशी एकाच पेटीपाशी समोरासमोर यायला नको. मला मत नाही, पण मी तिथे बसणार तर आहे.

पण आज आराखडेबाईंनी नियम पुन्हा सांगितला. जो येणार नाही, तो बाजूने नाही असंच धरतात. म्हणजे पोरगा असला काय, नसला काय, माझ्या भूखंडाला सारखंच. संध्याकाळी मावशी दुकान बंद करून वर आली. तिला मत नाही, पण तिन्ही इमारतींत कोण काय खातं आणि कोण काय बोलतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. बोटं दुमडत दुमडत तिने घरं मोजली आणि शेवटचं बोट तसंच धरून बसली.

"एक कमी पडतंय आजोबा."

"अध्यक्ष?"

"साहेब येतायत बाजूने. त्यांच्या बायकोने सांगितलंय, नाही आलात तर स्वतः शिजवा. त्यांना धरूनच एक कमी."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. आईशी बोलत असावी. बराच वेळ बोलत होती, हातवारे करून.

रविवार, ३० मार्च

सकाळी वाफ्यावर गेलो नाही. निरोपासारखं वाटलं असतं. घर मात्र नीट दाढी करून सोडलं.

खाली जिन्यापाशी टेबल, टेबलावर पेटी, पेटीमागे आराखडेबाई. दहा ते बारा. मला ध्वनिक्षेपक दिला होता. "मतदानासाठी निघणारी ही शेवटच्या तासाची गाडी आहे," वगैरे पुकारलं. लोक हसत आले. अध्यक्षसाहेब आले, बायकोने कोपराला धरून आणलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे आले, मान खाली घालून. बाजूने मत देणारे पेटीवर झेंडूचं एक फूल ठेवत होते. ही कल्पना मावशीची. आराखडेबाईंनी आधी हरकत घेतली, मग हसून सोडून दिली. त्यामुळे हिशेब सगळ्यांना दिसत होता. आमच्या वाफ्याच्या कडेचा झेंडू होता तो.

साडेअकरा वाजेपर्यंत जेवढी यायची तेवढी घरं येऊन गेली. मावशीने दुरून माझ्याकडे पाहिलं आणि ते एक बोट वर केलं. एकच.

बसवेना. ध्वनिक्षेपक ठेवला आणि पाणी प्यायचं निमित्त करून वर आलो. सूनबाई रस्त्याच्या तोंडाशी उभी आहे, गॅलरीतून दिसते. कुणाची वाट बघते आहे कोण जाणे. वही उघडली आहे, कारण हातांना काहीतरी हवं. त्या गाड्यांचा आवाज ज्या वर्षी बंद झाला, ते वर्ष मला आठवत नाही. कुणी सांगितलं नव्हतं, मतदान घेतलं नव्हतं. एके दिवशी आई म्हणाली, "आज कोबी आला नाही," एवढंच. या वेळी निदान विचारलं तरी, हे काही थोडं नाही. मुळा चांगला आला होता. पाखरं आली होती. कविता

बेल वाजली. बघून येतो.

दारात चिरंजीव. आठ दिवसांसाठी गेलेला माणूस चार दिवसांतच दारात, खांद्याला प्रवासाची पिशवी, डोळे रात्रभराच्या गाडीने लाल.

"बाबा, संपलं का मतदान?"

मी म्हटलं, "दहा मिनिटं आहेत. एवढ्या लांबून त्यासाठी आलास? तुझ्या वाहनतळाला तुझ्या मताची गरज नाही रे. ते आपोआप होतंय."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी त्याची आई टेबलाखाली त्याच्याकडे बघायची.

"कपाटातलं ओळखपत्र द्या. वरच्या कप्प्यात आहे. लवकर."

"आत ये की. स्वतः घे."

"नको. बूट चिखलाचे आहेत." मग खाली बघत म्हणाला, "काकडीला कुणी पाणीच घातलं नव्हतं आज. तुम्हाला सांगून गेलो होतो ना?"

ओळखपत्र माझ्या हातात आहे. तो हात पुढे करून उभा आहे. आणि मी त्याच्या पायांकडे बघतो आहे. पायपुसण्यावर ओल्या, काळ्या मातीचे दोन ठसे उमटलेत, एका बुटाच्या लेसमध्ये झेंडूची पाकळी अडकली आहे, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात एक फूल आहे.